दाढीचा साबण नेमका कुठे संपतो?

दाढीच्या साबणाची 100 ग्रॅमची गोल वडी किती दिवस पुरते? कुणी तीन महिने म्हणतो, कुणी वर्षभर, आणि दोघंही आपापल्या घरापुरतं खरं बोलत असतात. मालवणच्या किनारपट्टीवर विचारलंत, तर तिसरंच उत्तर येईल : ‘‘पावसात साबणाक पाणी सुटता, मगे तो खय पुरतलो?’’ सूर तक्रारीचा असला तरी प्रश्नाचा गाभा याच उत्तरात आहे. वडीतला साबण दाढीला लागतो तो थोडाच. बाकीचा कुठे जातो हे कळलं, की आपली वडी किती पुरेल हे ज्याचं त्याला सांगता येतं.

आधी गालावर लागणाऱ्या साबणाचा हिशेब करू. ब्रश भिजवून, झटकून, वडीवर वीस-पंचवीस वळसे फिरवला की केसांत साधारण अर्धा ग्रॅम साबण चढतो. हात सढळ असला तर एक ग्रॅम, आखडता असला तर पाव ग्रॅमच्या थोडा वर. या अर्ध्या ग्रॅमात दहा-पंधरा मिलिलिटर पाणी आणि पुष्कळशी हवा घोटली गेली, की दोनदा तोंड माखण्याइतका दाट फेस होतो. एकदा सरळ दाढीला, एकदा उलट्या. म्हणजे 100 ग्रॅमच्या वडीत 200 दाढ्या. ट्यूबमधल्या क्रीमचं गणित निराळं. त्यात पाणी आधीच घातलेलं असतं, त्यामुळे एका दाढीला एक ते दीड ग्रॅम क्रीम लागतं आणि 70 ग्रॅमची ट्यूब पन्नास-साठ दाढ्यांत चपटी होते. वजनाला वजन लावून पाहिलं, तर घट्ट वडी क्रीमच्या दुपटीहून जास्त चालते.

आता या 200 दाढ्यांचे दिवस किती? बँकेत, शाळेत, कचेरीत जाणारा माणूस रोज दाढी करतो, त्याला साडेसहा महिने. पण दाढीचं वेळापत्रक सगळीकडे सारखं नसतं. आपल्याकडे श्रावण पाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत; तो महिनाभर वस्तऱ्याला सुट्टी असते. कुणी सोमवारी दाढी करत नाही, कुणी शनिवारी, कुणी अमावास्येला. घरात सुतक आलं तर आणखी दिवस गळतात. आठवड्यातून तीनदा दाढी करणारा आणि श्रावण पाळणारा माणूस धरला, तर तीच वडी सोळा महिने पुरायला हवी. कागदावर तरी पुरते. प्रत्यक्षात मात्र अशा माणसाची वडीही बऱ्याचदा सात-आठ महिन्यांत तळ दाखवते, आणि खरं कोडं तिथे सुरू होतं. दाढ्या निम्म्याहून कमी झाल्या, तरी साबण जवळजवळ तेवढ्याच वेगाने संपला. मग तो गेला कुठे?

ते समजण्यासाठी साबणाचं दाढीतलं काम नीट पाहायला हवं. पूर्वी गावातला न्हावी धोकटी घेऊन दारात यायचा, ओटीवर किंवा अंगणात बसून दाढी करायचा, तेव्हा धोकटीत वस्तरा, कातरी, चिमटा, आरसा, वाटी आणि धार लावायला चामड्याचा पट्टा असे. साबण असायचाच असं नाही. वाटीत पाणी घ्यायचं आणि ते बोटांनी हनुवटीवर, गालांवर चोळत राहायचं. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो. दोन-तीन मिनिटं नीट भिजलेला केस कापायला कोरड्या केसाच्या मानाने खूपच कमी जोर लागतो. दाढी मऊ करण्याचं काम पाणीच करतं, साबण ते पाणी केसाला धरून ठेवतो आणि पात्याखाली बुळबुळीत थर देतो. म्हणून साबण इतका थोडा पुरतो. आजही एखाद्या जुन्या सलूनमध्ये बसलात, तर मुरलेल्या कारागिराचा हात पाहा. ब्रशवर घेतलेला साबण नखाएवढा असतो, पण तो गालावर ब्रश फिरवत राहतो, मधेच ब्रशचं टोक पाण्याला लावतो, पुन्हा फिरवतो. आपण घरी नेमकं उलट करतो. साबण भरपूर घेतो, घोटतो कमी, फेस लगेच सुकतो, म्हणून आणखी साबण घेतो. शेवटी वाटीत उरलेला फेस मोरीत जातो.

पण या उधळपट्टीने फार तर दुप्पट साबण लागेल. वडी त्याहून लवकर झिजते याचं कारण ती कशाची बनली आहे यात आहे.

आंघोळीच्या साबणात सोडियमचे क्षार असतात. तो टणक होतो, पाण्यात हळू विरघळतो. दाढीच्या साबणात सोडियमबरोबर पोटॅशियमचे क्षार मिसळतात. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि चटकन विरघळतो, म्हणून ब्रश फिरवताच फेस धरतो. शिवाय त्यात ग्लिसरीन असतं, फेस सुकू नये म्हणून. म्हणजे दाढीचा साबण मुळातच पाण्याला लवकर वश होईल असा घडवलेला असतो. हा त्याचा गुण आहे, पण दाढी आटोपल्यावर वडी ओली राहिली, तर हाच गुण मालकाच्या खिशावर येतो. वडीवर साचलेल्या चमचाभर पाण्यात वरचा थर विरघळून पांढरी चिकट साय तयार होते. दुसऱ्या दिवशी ब्रश फिरवला की अर्ध्या ग्रॅमऐवजी ती सगळी साय उचलली जाते. काहीजण दाढीआधी वडीवर गरम पाणी ओतून ठेवतात आणि नंतर ते ओतून टाकतात. त्या पाण्यात त्यांचा साबणच वाहून जातो.

देशावर ही साय दुपारपर्यंत वाळते. किनाऱ्यावर पावसाळ्यात ती वाळतच नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतला दमटपणा 80-90 टक्क्यांच्या आसपास असतो. 80 टक्के दमट हवेत ग्लिसरीन जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी हवेतून ओढून घेतं. त्यात समुद्राचं मीठ आलं. लाटा फुटतात तिथे मिठाचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि घरातल्या वस्तूंवर बसतात. मिठाचा स्वभाव असा, की हवेचा दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी घेऊन स्वतः पाणी होतं. मालवण, देवबाग, आचरा, वेंगुर्ला अशा ठिकाणी समुद्राकाठच्या घरात आषाढात बरणीतलं मीठ ओलं होतं, त्याच कारणाने न्हाणीतल्या वडीला न हात लावता घाम फुटतो. श्रावणात दाढी बंद असली तरी वडी झिजते ती अशी. तिचं पाणी डबीच्या तळाशी उतरतं, भाद्रपदात गणपतीच्या आधी दाढी करायला डबी उघडावी तर खाली पिवळट पाक साचलेला असतो. तो पाक म्हणजे विरघळलेला साबण आणि ग्लिसरीन. तो फेकून दिला, तर कित्येक दाढ्या फेकल्या.

पाण्याबद्दल मात्र लोकांचा समज थोडा तपासून घ्यायला हवा. ‘आमचं पाणी जड आहे, म्हणून साबण जास्त लागतो’ असं सर्रास म्हटलं जातं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतं, हे खरंच आहे. पण किती? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. एका दाढीच्या फेसात 15 मिलिलिटर पाणी धरलं, तर 600 च्या पाण्यानेही वाया जाणारा साबण सुमारे 55 मिलिग्रॅम भरतो. म्हणजे आपल्या अर्ध्या ग्रॅमाचा फक्त नववा हिस्सा. जड पाण्याचं खरं नुकसान दुसरं. फेस लवकर बसतो, आणि त्या वैतागाने माणूस दुप्पट साबण घेतो.

सिंधुदुर्गाच्या आतल्या बाजूला, कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडे, जांभ्याच्या कातळातल्या विहिरींना तर पाणी हलकंच असतं. तिथे थोड्या साबणात फेस उसळतो. अडचण खाडीकाठी आणि वाळूच्या पट्ट्यांवर येते. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागेसारख्या चिंचोळ्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि उन्हाळ्यात उपसा वाढला की ते मचूळ होण्याचा धोका असतो. निव्वळ समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरला 6000 मिलिग्रॅमच्या वर आहे. तेच 15 मिलिलिटर समुद्राचं पाणी अर्ध्या ग्रॅमाहून जास्त साबण गिळून टाकतं, म्हणजे एका दाढीचा सगळा साबण आणि वर थोडा. म्हणून समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. विहिरीत एक दशांश समुद्राचं पाणी मिसळलं, तरी जडपणा 600 च्या पार जातो, पण इतकं पाणी जिभेला आधी कळतं. दाढीला वाटीभर पाणी लागतं. ते पावसाच्या साठवणीतलं किंवा गोड्या विहिरीचं घ्यावं, बाकी आंघोळ कशानेही करावी. किनाऱ्यावर गोड्या पाण्याची किंमत शिवकाळापासून जाणलेली आहे. 25 नोव्हेंबर 1664 ला पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चारी बाजूंनी समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं पाणी आजही गोडं आहे.

खाऱ्या पाण्यातही फेस देणारा एक साबण आहे, आणि तो आपल्या माडाचा आहे. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा साबण इतका विरघळणारा असतो, की मीठही त्याला सहसा रोखू शकत नाही. जगभरच्या जहाजांवर खलाशांसाठी जो साबण नेत, तो या कारणाने नारळाच्या तेलाचा करत. मग दाढीलाही तोच का नको? कारण खोबरेलाचा फेस भसाभस येतो आणि तितक्याच लवकर विरतो. बुडबुडे मोठे, भिंती पातळ. शिवाय नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचेचं तेल खेचून काढतो, गाल ओढल्यासारखे होतात. आंघोळीच्या साबणाने दाढी करून पाहणाऱ्यांना जो त्रास होतो, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

दाढीच्या फेसाला दाटपणा आणि टिकाऊपणा देतं ते स्टिअरिक आम्ल. युरोपात ते प्राण्यांच्या चरबीतून येत असे, आणि तिथले जुने नावाजलेले दाढीचे साबण चरबीवरच उभे होते. आपल्याकडे चरबीच्या साबणाबद्दल नाराजी होती. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास मुंबईत गोदरेजनी निव्वळ वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण बाजारात आणला, तेव्हा त्यात चरबी नाही ही गोष्टच त्याची मोठी ओळख ठरली. पण वनस्पतींत स्टिअरिक आम्ल भरपूर असलेली तेलं फार थोडी. खोबरेलात ते नगण्य, शेंगदाण्यात थोडं. गाईबैलांच्या चरबीत सुमारे 20 टक्के. आणि कोकमाच्या बियांतल्या तेलात 50 ते 60 टक्के! चरबीच्या अडीच-तीन पट. मला ही गोष्ट सिंधुदुर्गातल्या प्रत्येक शाळेत शिकवावी इतकी महत्त्वाची वाटते.

हे तेल म्हणजे आपल्या घरोघरचं मुठेल, गोव्याकडचं भिरंडेल. मे महिन्यात रातांब्यांच्या सालींची आमसुलं करून झाली, की बिया उरतात. त्या राखेत घोळवून, धुऊन, कडक उन्हात वाळवतात, टरफलं काढतात आणि आतला गर कुटून पाण्यात उकळतात. उकळताना तेल वर येतं, ते निवलं की पिवळसर पांढरं होऊन गोठतं. मग बायका ते मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करतात. त्या गोळ्यांवर बोटांच्या खुणा उमटलेल्या असतात. हे तेल 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून कोकणच्या उन्हाळ्यातही घरात घट्ट राहतं. थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना लावायला ते सगळ्यांना माहीत आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांनाही माहीत आहे, तिथे ते कोकम बटर म्हणून जातं. मुठेलाला मुख्य धरून, थोडं खोबरेल लवकर फेस यावा म्हणून आणि थोडं एरंडेल मऊपणासाठी घालून, पोटॅशियम आणि सोडियमच्या दाहकांनी केलेला दाढीचा साबण घट्ट होतो, दाट फेस देतो आणि किनाऱ्यावर त्याची साय कमी होते, कारण स्टिअरिक आम्लाचा साबण गार पाण्यात सहज विरघळत नाही. घरगुती साबण करणाऱ्या बचत गटांनी याकडे जरूर पाहावं. फक्त दाहकाचं प्रमाण प्रत्येक तेलासाठी वजनावर काढावं लागतं, अंदाजाने घातलेलं दाहक तोंडावर जखमा करील. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये.

स्टिअरिक आम्लाचा आणखी एक फायदा आहे. ते संतृप्त असल्याने लवकर खवट होत नाही. चांगली वडी कोरड्या कपाटात वर्षानुवर्षं राहते. वास उडतो, फेस तसाच येतो. तेव्हा मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याने दोन-चार वड्या जास्त आणल्या म्हणून बिघडत नाही. फक्त वापरात एकच ठेवायची, बाकीच्या वेष्टनात.

तुरटीबद्दल एक सावधगिरी. दाढीनंतर तुरटी फिरवायची आपली जुनी आणि चांगली रीत आहे, पण तुरटीतलं अॅल्युमिनियम साबणाशी भिडलं की कॅल्शियमसारखाच न विरघळणारा चोथा होतो. तुरटीचा खडा साबणाच्या वाटीत ठेवलात, किंवा तुरटी लावलेल्या ओल्या हाताने ब्रश धरलात, तर दुसऱ्या दिवशी फेस धरत नाही आणि दोष साबणाला जातो. दोन्हींची जागा वेगळी हवी.

राहिला वडी ठेवण्याचा प्रश्न, आणि किनाऱ्यावर सगळं यावरच ठरतं. झाकणाची प्लॅस्टिकची डबी पावसात सर्वांत वाईट, कारण ती ओल कोंडून ठेवते. न्हाणीतल्या कोनाड्यापेक्षा स्वयंपाकघराजवळचं फडताळ बरं, चुलीची किंवा गॅसची ऊब लागते तिथली हवा कोरडी असते. भांडं म्हणून नारळाची करवंटी उत्तम. तिच्या तीन डोळ्यांपैकी एक डोळा मऊ असतो, त्यातूनच कोंब बाहेर येतो. डोळ्यांची बाजू खाली येईल अशी अर्धी करवंटी घ्यायची, तो मऊ डोळा खिळ्याने मोकळा करायचा, आतून काचेने घासून गुळगुळीत करायची आणि बुडाला काथ्याची चुंबळ ठेवून त्यावर बसवायची. वडीचं पाणी डोळ्यातून खाली निथळतं, करवंटीला गंज लागत नाही. दाढी झाली की वडीवरचा उरलेला फेस बोटाने पुसून गालाला लावायचा, करवंटी तिरकी करायची आणि ब्रश झटकून केस खाली करून टांगायचा. श्रावण पाळणार असाल, तर आषाढी अमावास्येला वडी फडक्याने कोरडी करून कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या बरणीत थोड्या भाजलेल्या तांदळांसोबत ठेवा. कोरडी झालेली वडी बंद ठेवायला हरकत नाही, ओली वडी बंद करू नये एवढंच.

आपली वडी खरोखर किती पुरते, हे पाहायला वजनकाट्यावर भिस्त ठेवू नका. पावसात वडी हवेतलं पाणी पिऊन जड होते आणि वापर कमी दिसतो. त्यापेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय वापरा. ते 1973 मध्ये सुरू करणारे जयंत साळगावकर मालवणचेच. नवी वडी काढाल त्या तारखेवर खूण करा, दाढी केलेल्या दिवसांवर पेन्सिलीने टिंब द्या आणि वडी संपली की टिंबं मोजा. दोनशेच्या आसपास भरली, तर हात आणि जागा दोन्ही बरोबर आहेत. शंभराच्या वर असतील, तर साबण कमी घेऊन फेस जास्त घोटा. शंभरही भरली नाहीत, तर नवा साबण आणण्याआधी वडीची जागा बदला.